खुराडे आणि वारा

ग्वाल्हेरहून एका वाचकभगिनींचे पत्र आले आहे. त्यांच्या वाड्याच्या मागील अंगणात सात-आठ कोंबड्या आहेत. पौषातल्या कडाक्यात त्यांनी खुराड्याला चहूबाजूंनी गोणपाट आणि त्यावर प्लॅस्टिकचा कागद गुंडाळला. कोंबड्यांना ऊब मिळावी, एवढाच हेतू. परंतु माघ अर्धा सरला नाही तोच कोंबड्या शिंकू लागल्या, त्यांच्या डोळ्यांना पाणी येऊ लागले, खाली अंथरलेले गवत ओले राहू लागले. आणि अंडी काढण्यासाठी आत वाकले की स्वतः त्यांच्याच डोळ्यांना झोंबू लागले. आता उन्हाळा तोंडावर आला आहे. हे आवरण ठेवावे की काढावे, असा त्यांचा प्रश्न आहे.

काढावे, आणि हा अंक हाती पडेल त्याच दिवशी काढावे. एवढे उत्तर पोस्टकार्डावरही मावले असते. परंतु हाच धडा आम्ही स्वतः एकदा फार मोठी किंमत देऊन शिकलो आहोत, आणि त्या भगिनींप्रमाणेच चांगल्या हेतूने चुकलेली इतरही काही घरे असतील, या विचाराने यंदाचे हे सदर खुराड्याला देण्याचे ठरविले. कोंबडीचे नाव काढताच नाकाला पदर लावणारी घरे आपल्या वाचकांत आहेत, हे आम्ही जाणतो. त्यांनी या महिन्यापुरती क्षमा करावी. पुढे जे सांगावयाचे आहे, त्यातील निम्मे त्यांच्या कोठीच्या खोलीलाही लागू पडेल.

आमचे बालपण बेळगावच्या आसपासच्या एका खेड्यात गेले. परसात आईचे खुराडे होते. खालचा दीड हात दगडमातीचा जोता, त्यावर कमरेएवढा शेणाने सारवलेला कूड, आणि त्याच्या वर छपरापर्यंत नुसत्या बांबूच्या उभ्या पट्ट्या. वर कौले. आत बसून बाहेर पाहिले तर पट्ट्यांतून आकाश दिसे. दिवसा रवणीची कोंबडी वेगळी ठेवायची झाली, तर तिच्यावर बुरुडाकडचे डालगे पालथे घालीत. कोंबडे झाकले तरी तांबडे फुटायचे राहत नाही, असे आपण म्हणतो. पण ते झाकायचे साधन कसे असे, याचा विचार आम्ही पन्नाशी जवळ येईपर्यंत केला नव्हता. डालगे ही सगळी भोकांचीच वस्तू. कोंबडी झाकली जाई, वारा झाकला जात नसे.

२०११ साली आमच्या बेळगावच्या घराच्या परसात मुंगसाने एका आठवड्यात दोन कोंबड्या नेल्या. आई तेव्हा आमच्याकडेच राहत असे आणि तिने येताना आपल्या बारा कोंबड्या आणि जुन्या खुराड्याची कौलेही आणली होती. कुडाच्या भिंतीत मुंगूस शिरते, हे पाहून आम्ही पक्के खुराडे बांधण्याचे मनावर घेतले. विटांच्या भिंती, आतून सिमेंटचा गिलावा, वर पत्रा, आणि पत्र्याचेच घट्ट बसणारे दार. चार फूट रुंद, सहा फूट लांब, मध्ये माणूस वाकून उभा राहील एवढे उंच. गवंड्याने शेवटच्या थराला विचारले, "गुरुजी, झरोका कुठं ठेवू?" आम्ही म्हणालो, नकोच. मुंगसाला बोटभर फट पुरते. आई ओसरीवर बसून ऐकत होती. ती एवढेच म्हणाली, "ठेव बाबा एखादा. त्यांस्नी बी जीव हाय." आम्ही ऐकले नाही.

आमच्या शाळेच्या जुन्या इमारतीत प्रत्येक वर्गाच्या छताखाली समोरासमोर दोन-दोन झरोके आहेत. तापलेली हवा हलकी होऊन वर जाते, वरून बाहेर पडते, आणि तिच्या जागी खालून थंड हवा येते, हा पाठ विज्ञानशिक्षकांचा तास पाहताना शेवटच्या बाकावर बसून आम्ही कितीतरी वेळा ऐकला होता. तपासणीच्या वहीत त्यावर चांगला शेराही दिला होता. घरी गवंड्याने तोच प्रश्न विचारला, तेव्हा तो पाठ आठवला नाही.

उन्हाळाभर कोंबड्या त्या नव्या वास्तूत शिरेनात. तिन्हीसांजा झाल्या की शेवग्यावर जाऊन बसत. आम्हांला वाटले, नव्या जागेची सवय नाही. आई म्हणे, "त्या शान्या हाईत." मग आषाढाची झड लागली. आमच्याकडची झड म्हणजे आठ-आठ दिवस सूर्यदर्शन नाही. कोंबड्या भिजू नयेत म्हणून त्यांना काठीने हाकून आत घातले, दार ओढून घेतले, आणि पत्रा व भिंत यांच्यामधून जो काही वारा येत होता, तोही चिंध्या कोंबून बंद केला. पाचव्या दिवशी शिंका सुरू झाल्या. आठव्या दिवशी सकाळी दार उघडले तेव्हा एक कोंबडी पायऱ्या उतरलीच नाही. त्या पंधरवड्यात बारातल्या पाच गेल्या.

आम्ही मानमोडीच समजलो. पशुवैद्यकीय दवाखान्यातले डॉक्टर आले. त्यांनी कोंबडी हातात घेण्यापूर्वी खुराड्यात डोके घातले, आणि लगेच बाहेर काढून रुमालाने डोळे पुसले. "गुरुजी, औषध मी देतो, पण आधी वरच्या विटा काढा," ते म्हणाले. पाच कोंबड्या कोणत्या रोगाने गेल्या, हे त्यांनी आम्हांला सांगितले. ते नाव येथे महत्त्वाचे नाही. त्या रोगाला दार आम्ही उघडून दिले होते, हे त्यांनी सौम्य शब्दांत सांगितले, ते महत्त्वाचे.

आईची अंडी विकून साठणारी एक पुरचुंडी होती. दर मार्गशीर्ष पौर्णिमेला सौंदत्तीच्या यल्लम्माच्या यात्रेला ती त्या पैशावर जाई. त्या वर्षी पुरचुंडी भरली नाही. आम्ही पैसे पुढे केले. ती म्हणाली, "यात्रा आपल्या पैशानं करायची असती." आणि गेली नाही. एका शब्दानेही आम्हांला दोष दिला नाही. ते अधिक लागले.

आता, बंद खुराड्यात घडते तरी काय? कोंबडीच्या अंगाची उष्णता आपल्याहून पुष्कळ अधिक, सुमारे ४१ ते ४२ अंश सेल्सिअस असते. बारा कोंबड्या रात्री दाटीने बसल्या, म्हणजे जुन्या पद्धतीचा १०० वॉटचा एक दिवा आत रात्रभर जळत ठेवावा, इतकी ऊब त्या निर्माण करतात. तेव्हा थंडीची चिंता मोठ्या कोंबड्यांसाठी करू नये. पिसे फुलवून, त्यांच्या थरांत हवा कोंडून त्या आपली गोधडी आपणच करतात. चिंता करायची ती पाण्याची. श्वासावाटे त्या सतत वाफ सोडतात. भरीस एका कोंबडीची दिवसाची शीट सुमारे १०० ग्रॅम धरली, तर तिच्यात तीनचतुर्थांश पाणीच असते. हे पाणी बाहेर नेणारा एकच नोकर आहे, तो म्हणजे वारा. त्याला दाराशीच अडवले, तर ते पाणी पत्र्याला लागून थेंब होते आणि पुन्हा खाली गळते. सकाळी छपराच्या आतल्या बाजूला दंव दिसले, तर ते पावसाचे नव्हे, कोंबड्यांच्याच श्वासाचे आहे, असे समजावे.

ओल्या शिटेत जिवाणू वाढतात आणि तिच्यातून अमोनिया वायू सुटतो. मुतारीजवळ नाकात झोंबतो तोच हा वायू. तो डोळ्यांच्या आणि श्वासनळीच्या ओलाव्यात विरघळून तेथील नाजूक अस्तर जाळतो. श्वासनळीत धूळ व रोगजंतू बाहेर लोटणारे अतिसूक्ष्म केस असतात. ते निकामी झाले की रोगाला अडवणारे कोणी उरत नाही. हवेच्या दहा लाख भागांत अमोनियाचे वीस-पंचवीस भाग झाले तरी कोंबडीला अपाय होऊ लागतो, आणि साधारण त्याच सुमारास आपल्या नाकाला तो कळू लागतो. म्हणजे आपल्याला वास आला, तेव्हा उशीर होऊ लागलेलाच असतो. त्यातही रोज आत जाणाऱ्याचे नाक हळूहळू बधिर होते. म्हणून आमच्याकडे पाहुणा आला की, त्याला कितीही विचित्र वाटो, एकदा खुराड्यापाशी नेतो. शिवाय वास उभ्याने घेऊ नये. कोंबडी जेथे श्वास घेते, तेथे, म्हणजे जमिनीपासून वीतभरावर, गुडघे टेकून घ्यावा.

डॉक्टरांच्या सांगण्यावरून आम्ही काय फेरफार केले, ते सांगतो. उत्तरेच्या व दक्षिणेच्या भिंतींचे वरचे दोन थर काढले आणि त्या जागी अर्ध्या इंचाच्या चौकोनी भोकांची, जोडलेल्या तारांची मजबूत जाळी ठोकली. बाजारात षट्‌कोनी भोकांची जी पातळ जाळी कोंबड्यांच्या नावाने मिळते, ती कोंबडीला आत ठेवते. मुंगसाला किंवा कुत्र्याला बाहेर ठेवीत नाही. पूर्वेच्या बाजूला दाराच्या वरचा अर्धा भाग जाळीचा केला, म्हणजे सकाळचे ऊन आत येते आणि तूस कोरडे करते. पश्चिमेची भिंत मात्र तशीच भरीव ठेवली. आमचा पाऊस त्या बाजूने झोडपतो, आणि उन्हाळ्यातले तिसऱ्या प्रहराचे ऊनही त्याच बाजूचे. नव्याने बांधणाऱ्याने खुराड्याची लांबी पूर्व-पश्चिम धरावी. लांब भिंतींवर ऊन कमी पडते. छपराच्या पागोळ्या भिंतीपासून निदान दोन-तीन फूट बाहेर काढाव्यात. पागोळी आखूड असली की पावसात जाळी बंद करण्याचा मोह होतो, आणि एकदा बंद केलेली जाळी पुन्हा उघडली जात नाही, हा सर्वांचा अनुभव.

येथे एक शंका येईल, की एवढा वारा कोंबड्यांना बाधणार नाही का? बाधेल, जर तो त्यांच्या अंगावरून गेला तर. रात्री बसण्याची काठी जेथे असेल, त्या उंचीवर झोत नसावा. झोताने पिसे विस्कटतात आणि त्यांच्यातील कोंडलेली ऊब निघून जाते. वारा डोक्यावरून जावा. हे पाहण्यासाठी यंत्र नको, देवघरातली उदबत्ती पुरे. संध्याकाळी कोंबड्या आत शिरण्यापूर्वी ती पेटवून काठीच्या उंचीवर हातात धरावी. (हातातच धरावी, खाली तूस आहे, हे विसरू नये.) धूर रेंगाळत वर चढून जाळीतून निघून गेला, तर व्यवस्था ठीक. एका जागी लोंबकळत राहिला, तर हवा कोंडते आहे. आडवा सरळ धावला, तर तेथे झोत आहे. त्या बाजूला खालच्या अंगाने गोणपाट लावावे, पण छपराखालची वीतभर जागा मोकळीच ठेवून. ग्वाल्हेरच्या भगिनींनी याच रीतीने करावे. प्लॅस्टिक तर पूर्णच काढावे. गोणपाटातून थोडा तरी वारा जातो, प्लॅस्टिकमधून काहीच जात नाही. ओले गवतही खरवडून उकिरड्यावर टाकावे आणि जमीन चार दिवस उन्हात उघडी ठेवावी.

उन्हाळ्याची गोष्ट थोडी निराळी, आणि ती गावागावांत निराळी. कोंबडीला घामाच्या ग्रंथी नाहीत. पारा तिशीच्या पुढे गेला की ती चोच उघडून धापा टाकू लागते, पंख अंगापासून दूर धरते. धापांवाटे पाण्याची वाफ होऊन जी थंडाई मिळेल, तीवर तिचा जीव तगतो. हवा कोरडी असेल तर हा उपाय चालतो. हवा आधीच दमट असेल तर वाफ होत नाही, आणि बिचारी नुसतीच धापा टाकत राहते. ग्वाल्हेरला ज्येष्ठात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, पण लू कोरडी असते. तेथे पश्चिमेच्या अंगाला वाळ्याची टट्टी किंवा गोणपाट टांगून त्यावर पाणी मारले, तर आतली हवा खरोखर निवते. हैदराबादला आणि बडोद्याला वैशाखाच्या कोरड्या दुपारी हे साधते. गोव्यात मात्र हा उपाय कोणी करू नये. तेथे पारा चौतीस-पस्तिसाच्या फार पुढे जात नाही, पण समुद्राकाठची हवा पाण्याने जड असते. तिच्यात आणखी पाणी घालणे म्हणजे धापा टाकणाऱ्याच्या तोंडावर ओले फडके दाबणे. गोवेकरांनी बाजू उघड्या ठेवाव्यात, वर माडाच्या झावळ्या घालाव्यात, आणि वाऱ्यावर भिस्त ठेवावी. ग्वाल्हेरकरांनीही आषाढाचा पहिला पाऊस पडताच ओली टट्टी त्याच दिवशी उतरवावी. आमच्याकडे बेळगावात खरी धोक्याची वेळ वळिवानंतरची. दुपारभर तापलेल्या जमिनीवर सर येते, वाफ उठते, वारा पडतो. आणि दिवसभर टिकलेली कोंबडी तेव्हा मान टाकते. धष्टपुष्ट कोंबडी आधी. त्या तास-दोन तासांत त्यांना खुराड्यात मुळीच घालू नये. झाडाखाली मोकळ्या सोडाव्यात, हाताळू नये, पळवू नये.

पत्र्याचे छप्पर आमच्यासारखे कोणी घालून बसले असेल, तर ते काढलेच पाहिजे असे नाही. आम्ही त्यावर उसाच्या पाल्याचा टीचभर थर घालून दोरीने आवळला, आणि दोन वर्षांनी जुनी कौले चढवली. शेजारी चुन्याची सफेदी करतात. तिनेही फरक पडतो. दोडक्याचा किंवा भोपळ्याचा वेल चढवला तर सावलीबरोबर भाजीही मिळते, मात्र वेलाने झरोके झाकू देऊ नयेत.

उन्हाळ्यात दाणा पहाटे आणि दिवस मावळताना द्यावा. पचनानेही अंगात उष्णता वाढते; सकाळी दहाला खाल्लेला दाणा नेमका भर दुपारी तापतो. पाणी मातीच्या परळात, सावलीत, दोन-तीन ठिकाणी ठेवावे. थंडीत कोंबडी जितके पिते त्याच्या दुप्पट किंवा अधिकही ती उन्हाळ्यात पिते. धापांमुळे तिच्या रक्तातील कर्बवायू कमी होतो आणि अंड्याचे कवच पातळ होते, म्हणून शिंपल्यांचा चुरा निराळ्या वाटीत ठेवावा. पातळ कवचाची अंडी दिसू लागली, म्हणजे दाणेवाल्याला दोष देण्यापूर्वी छपराकडे पाहावे.

राहता राहिले खालचे अंथरूण. आमच्या भागात भाताचे तूस मुबलक, आणि त्याच्याइतके चांगले दुसरे नाही. चार बोटे जाड थर असावा. आठवड्यातून दोनदा फावड्याने तळापासून हलवावा. कोरडेपणा पाहण्याची रीत सोपी आहे: मूठभर तूस घट्ट आवळून मूठ उघडावी. गोळा झाला आणि तसाच राहिला, तर ते ओले. तो भाग काढून टाकावा. जरासा गोळा होऊन लगेच विस्कटला, तर उत्तम. मुळीच चिकटले नाही आणि धूळ उडाली, तर फार कोरडे, तेही कोंबड्यांच्या छातीला बरे नाही. गुजराथेत शेंगांची टरफले वापरतात. चालतात, पण ती भिजली तर बुरशी धरतात आणि त्या बुरशीचे विष कोंबडीला मारते, म्हणून भिजलेली तत्काळ काढावीत. कित्येक जण वास मारण्यासाठी तुसात चुना मिसळतात. त्याने ओल शोषली जाते हे खरे, परंतु ओल्या शिटेला चुना लागताच अमोनिया आणखी उसळतो. कोंबड्या दिवसभर बाहेर असतील आणि दारे उघडी असतील तेव्हाच हे करावे. चुना हा काही झरोक्याचा बदली कामगार नव्हे.

आणि पाण्याचे भांडे आत ठेवूच नये. खुराड्यातल्या ओलीचा बराच भाग या एका भांड्यातून येतो. कोंबडी पिते थोडे, सांडते फार. रात्री काळोखात ती पाणी पीत नाही. पहाटे दार उघडताच बाहेर मिळाले म्हणजे झाले.

वरच्या विटा काढल्या, त्या दिवशी संध्याकाळी आम्ही काठी घेऊन उभे होतो. आईने ती आमच्या हातातून काढून घेतली आणि ओसरीवर जाऊन बसली. पाऊस भुरभुरत होता. उरलेल्या सात कोंबड्या शेवग्याखाली थोडा वेळ घुटमळल्या, मग त्यांतली जुनी, तांबडी कोंबडी पायऱ्या चढून दारात थांबली, मान आत घालून तिने इकडे तिकडे पाहिले, आणि आत गेली. तिच्यामागून बाकीच्या. पुढल्या वर्षीच्या मार्गशीर्षात आई सौंदत्तीला जाऊन आली. आई आता नाही. कोंबड्या आहेत, त्यांच्या कितव्या पिढीतल्या ते आम्हांला मोजता येत नाही. आणि काढलेल्या त्या विटा परसात पाण्याच्या परळाखाली लावलेल्या आहेत.

पिलांच्या बाबतीत वर लिहिलेले जसेच्या तसे धरू नये. त्यांना पहिले तीन-चार आठवडे ऊब द्यावीच लागते, आणि तरीही हवा कोंडता येत नाही. ते जरा विस्ताराने सांगण्यासारखे आहे, पुढील अंकात.